आशा आणि शंका : एका निर्णायक सामन्याची हकीकत

परीक्षेचा निकाल लागण्याच्या आदल्या रात्रीं विद्यार्थ्याच्या मनाची जी स्थिति असते, तीच निर्णायक सामन्याच्या आदल्या रात्रीं एखाद्या संघाच्या चाहत्यांची असते. फरक इतकाच कीं, विद्यार्थ्यानें निदान उत्तरपत्रिका तरी स्वतः लिहिलेली असते. चाहत्याच्या हातीं कांहींच नसतें. खेळणारे दुसरे, खेळविणारे दुसरे, आणि झोप मात्र उडते ती याची. अशा वेळीं त्याच्या मनांत आशा आणि शंका या दोघी सख्ख्या बहिणींप्रमाणें शेजारीं शेजारीं बसलेल्या असतात. एक बोलूं लागली कीं दुसरी तिचा पदर ओढते. राजे आणि सेनापति यांच्या मनाचा ठाव इतिहासकार नेहमींच घेत आले. परंतु हजारों सामान्य माणसें एकाच वेळीं आशेनें आणि धास्तीनें कशीं व्यापलीं जातात, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें ता. ५ मे १९६९ रोजीं झालेला बास्केटबॉलचा सामना या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बास्केटबॉल हा कोणा एका जमातीचा परंपरागत खेळ नव्हे. तो एका शिक्षकानें योजून निर्माण केलेला खेळ आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. हिंवाळ्यांत बर्फामुळें मैदानी खेळ बंद पडत आणि तरुण विद्यार्थी व्यायामशाळेंत कंटाळून जात. तेव्हां डिसेंबर १८९१ मध्यें नेस्मिथ यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियमांचा एक नवा खेळ मुलांपुढें मांडला. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजतागायत या खेळांतील कडी दहा फुटांवरच असते. टोपलीची जागा पुढें लोखंडी कडीनें घेतली. तिचा व्यास १८ इंच, आणि चेंडूचा व्यास साडेनऊ इंचांच्या आंतबाहेर. म्हणजे नीट मारलेला चेंडू आंत जाण्यास जागा पुष्कळ आहे. पण तो कडीवर आपटला तर आंत पडेल कीं बाहेर, हें कोणींही छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. या एका गोष्टीवर पुढील सारी हकीकत अवलंबून आहे.

अमेरिकेंतील धंदेवाईक संघांच्या स्पर्धेंत अंतिम विजेता एका सामन्यावर ठरत नाहीं. दोन संघांमध्यें जास्तींत जास्त सात सामने होतात आणि जो आधीं चार जिंकेल तो विजयी ठरतो. कांहीं सामने एकाच्या घरीं, कांहीं दुसऱ्याच्या घरीं. दोघांनींही तीन तीन जिंकले म्हणजे सातवा सामना खेळावा लागतो. सहा सामन्यांत मिळविलेलें सारें पुण्य तेथें शून्यावर येतें आणि ४८ मिनिटांच्या खेळांत वर्षाच्या कष्टांचा निकाल लागतो. त्यांत १९५४ पासून असा नियम झाला कीं, चेंडू हातीं आल्यावर २४ सेकंदांच्या आंत तो कडीकडे फेंकलाच पाहिजे. त्यामुळें आघाडी मिळाली म्हणून चेंडू राखून वेळ काढीत बसण्याची सोय राहिली नाहीं. पुढें असणाऱ्याला निश्चिंतपणा नाहीं आणि मागें पडलेल्याला पूर्ण निराशाही नाहीं, अशी ही रचना आहे. चाहत्यांच्या जिवाची घालमेल जणूं या नियमांतच लिहून ठेविली आहे.

लॉस एंजेलिसचा संघ 'लेकर्स' या नांवानें प्रसिद्ध आहे. हा संघ मूळचा मिनियापोलिसचा. त्या सरोवरांच्या प्रदेशावरूनच त्याला हें नांव मिळालें, आणि १९६० सालीं तो पश्चिम किनाऱ्यावर आला तरी नांव तेंच राहिलें. एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट हे त्याचे दोन अत्यंत गुणी खेळाडू. चिक हर्न यांच्या रेडिओवरील धावत्या वर्णनामुळें लॉस एंजेलिसमधील घराघरांत हीं नांवें पोहोंचलीं. परंतु या संघाच्या वाटेंत एक पर्वत उभा होता, तो म्हणजे बोस्टनचा 'सेल्टिक्स' संघ, आणि त्या पर्वताचें शिखर म्हणजे बिल रसेल. रसेलची कीर्ति गुण मिळविण्यापेक्षां प्रतिपक्षाचे गुण अडविण्यावर आणि कडीवरून उसळलेला चेंडू झेलण्यावर उभी होती. १९५७ पासून १९६८ पर्यंतच्या बारा वर्षांत बोस्टननें दहा वेळां विजेतेपद मिळविलें होतें.

या दहांपैकीं सहा वेळां अंतिम फेरींत पराभूत झालेला संघ एकच होता, आणि तो लेकर्स. १९५९ मध्यें मिनियापोलिसला असतांना, आणि पुढें लॉस एंजेलिसला आल्यावर १९६२, १९६३, १९६५, १९६६ आणि १९६८ या सालीं तीच गोष्ट घडली. त्यांतही १९६२ आणि १९६६ चे पराभव विशेष जिव्हारीं लागणारे होते. १९६२ सालीं बोस्टन येथें सातव्या सामन्याचा ठराविक वेळ संपत आला तेव्हां दोन्ही संघ १०० गुणांवर बरोबरींत होते. फ्रँक सेल्वी या लेकर्सच्या खेळाडूनें जवळून चेंडू मारला. तो आंत पडता तर विजेतेपद लॉस एंजेलिसचें होतें. चेंडू कडीला लागून बाहेर आला. जादा वेळांत बोस्टननें ११० विरुद्ध १०७ असा सामना जिंकला. चार वर्षांनीं पुन्हां सातवा सामना झाला, आणि लेकर्स ९५ विरुद्ध ९३, म्हणजे केवळ दोन गुणांनीं हरले.

ही पूर्वपीठिका ध्यानांत घेतली म्हणजे मे १९६९ मधील लॉस एंजेलिसच्या चाहत्यांची मनःस्थिति समजते. आशेच्या बाजूचा पुरावा या वेळीं पूर्वीं कधीं नव्हता इतका भक्कम होता. १९६८ च्या उन्हाळ्यांत विल्ट चेंबरलेन हा सात फूट एक इंच उंचीचा महाकाय खेळाडू फिलाडेल्फियाहून लेकर्सकडे आला होता. एका सामन्यांत १०० गुण मिळविण्याचा पराक्रम त्यानें १९६२ मध्यें केला होता. आणि ओळीनें आठ वर्षें चाललेली बोस्टनची विजयमालिका १९६७ सालीं खंडित करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या संघांतही तोच प्रमुख होता. बेलर, वेस्ट आणि चेंबरलेन असे तीन महारथी एका रथाला जुंपले गेल्यावर आणखी काय हवें? त्या हंगामांत लेकर्सनीं ५५ सामने जिंकून पश्चिम विभागांत पहिला क्रमांक मिळविला. बोस्टन ४८ विजयांनिशीं पूर्व विभागांत चौथें आलें होतें. रसेलचें वय ३५. तो स्वतः खेळे आणि संघाचें मार्गदर्शनही करी. त्याचा सोबती सॅम जोन्स हाही ३५ वर्षांचा असून त्यानें निवृत्तीचा निश्चय जाहीर केला होता. थकलेल्या सिंहाचा कळप म्हणावा अशीच ती स्थिति.

याहून मोठें आशास्थान म्हणजे स्वतःचें मैदान. पूर्वींच्या दोन्ही सातव्या सामन्यांची जागा बोस्टन होती. या वेळीं प्रथमच तो लॉस एंजेलिसला व्हावयाचा होता. शिवाय त्या मालिकेंतील पहिल्या सहाही सामन्यांत ज्याचें घर त्याचाच विजय झाला होता. पहिले दोन लेकर्सनीं, पुढचे दोन बोस्टननें, पांचवा लेकर्सनीं आणि सहावा बोस्टननें जिंकला होता. हा क्रम पाहतां सातवा कोणाचा, हें सांगण्यास ज्योतिषी कशाला हवा?

परंतु ज्याचें तोंड दुधानें पोळलें आहे तो ताकही फुंकून पितो. शंकेच्या बाजूलाही साक्षीदार कमी नव्हते. पहिल्या सामन्यांत ५३ गुण मिळविणाऱ्या वेस्टच्या मांडीची शीर पांचव्या सामन्यांत दुखावली होती आणि तो पट्टी बांधून खेळत होता. बेलर ३४ वर्षांचा असून त्याच्या गुडघ्यांनीं त्याला पूर्वींच दगा दिला होता. चौथ्या सामन्याची आठवण तर ताजीच होती. त्या सामन्यांत शेवटच्या क्षणापर्यंत लेकर्स एका गुणानें पुढें होते. तोल जात असतांना सॅम जोन्सनें मारलेला चेंडू कडीवर उसळून आंत पडला आणि बोस्टन ८९ विरुद्ध ८८ असें जिंकलें. तो चेंडू बाहेर पडता तर लेकर्सचे तीन आणि बोस्टनचा एक विजय झाला असता, आणि सातव्या सामन्याची वेळ येण्याचा संभव फार थोडा राहिला असता. सर्वांवर कडी म्हणजे रसेलचा एक विक्रम. व्यावसायिक खेळांत आल्यापासून मालिकेचा शेवटचा, निर्णायक सातवा सामना तो नऊ वेळां खेळला होता आणि नऊही वेळां जिंकला होता.

म्हणजे बुद्धि म्हणत होती जिंकणार, आणि स्मृति म्हणत होती सांभाळा. ज्यांनीं १९६२ चा तो चेंडू बाहेर पडतांना अनुभवला होता, त्यांना आंकड्यांचा धीर पुरेसा वाटणें शक्य नव्हतें. पण त्यांची शंका अश्रद्धेपोटीं आलेली नव्हती. संघावर ज्याची माया नाहीं त्याला शंकाही येत नाहीं. तो निकाल दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो.

एका माणसाला मात्र शंकेचा स्पर्शही झाला नव्हता. संघाचे मालक जॅक केंट कुक हे मोठे हौशी आणि उलाढाली गृहस्थ. इंगलवूड या उपनगरांत रोमन धर्तीच्या स्तंभांनीं वेढलेलें 'फोरम' नांवाचें भव्य क्रीडागृह त्यांनीं १९६७ च्या अखेरीस उघडलें होतें. सातव्या सामन्यासाठीं त्यांनीं त्या क्रीडागृहाच्या छताशीं जाळ्यांत भरून हजारों फुगे टांगून ठेवविले. इतकेंच नव्हे, तर विजयोत्सवाचा कार्यक्रमही छापवून घेतला. लेकर्स जिंकतांच फुगे खालीं सोडण्यांत येतील, विश्वविद्यालयाचा वाद्यवृंद आनंदाचें गीत वाजवील, आणि चिक हर्न हे क्रमाक्रमानें बेलर, वेस्ट व चेंबरलेन यांच्याशीं संभाषण करतील, असा तो बेत होता. 'जर जिंकले तर' ही भाषा त्या पत्रकांत नव्हती. 'जिंकतील तेव्हां' ही होती. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, त्यांतलाच हा प्रकार. त्या पत्रकाची वार्ता बोस्टनच्या खेळाडूंपर्यंत पोहोंचली आणि रसेलनें तिचा आपल्या सोबत्यांना चेतविण्यासाठीं पुरेपूर उपयोग करून घेतला. इकडे वेस्टला ते फुगे पाहून संताप आला. सहा पराभवांपैकीं पांच त्यानें स्वतः भोगले होते. छताला टांगलेला विजय पाहण्याची त्याची तयारी नव्हती.

सामना पाहण्यासाठीं साडेसतरा हजारांवर प्रेक्षक जमले होते. मान वर केली कीं फुगे आणि खालीं पाहिलें कीं हिरव्या कपड्यांतील बोस्टनचा संघ, अशी त्यांच्या नजरेची येरझार चालली असली पाहिजे. बोस्टननें प्रथमपासून जोर धरला आणि चौथ्या व शेवटच्या पर्वाच्या आरंभीं १७ गुणांची आघाडी घेतली. आशेचा दिवा विझला असें वाटूं लागलें. पण दुखऱ्या पायानें खेळणाऱ्या वेस्टनें हार मानली नाहीं. अंतर कमी होऊं लागलें. सुमारें साडेपांच मिनिटें उरलीं असतां चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर येऊन बसला. त्याच्या जागीं मेल काउंट्स हा खेळाडू उतरला. आणि आश्चर्य असें कीं, अंतर कमी होतच राहिलें. १०३ विरुद्ध १०२! आतां एकच गुण उरला. चेंबरलेननें पुन्हां खेळण्याची तयारी दाखविली. परंतु प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनीं त्याला परत पाठविलें नाहीं. त्यांच्या या निर्णयावर अमेरिकेंत कैक वर्षें वाद चालला.

सव्वा मिनिटाच्या सुमारास वेळ उरला असतां लेकर्सच्या कीथ एरिक्सननें बोस्टनच्या हॅव्हलिचेकच्या हातून चेंडू मागून उडविला. हा चेंडू लेकर्सना मिळता तर आघाडी घेण्याची संधि होती. तो नेमका डॉन नेल्सन या बोस्टनच्याच खेळाडूच्या हातीं गेला. त्यानें घाईनें चेंडू फेंकला. चेंडू कडीच्या मागच्या बाजूवर आपटला, सरळ उंच उडाला आणि खालीं येतांना नेमका कडीच्या मधून पडला. बोस्टन १०५, लेकर्स १०२. अखेरीस १०८ विरुद्ध १०६ असा बोस्टनचा विजय झाला. तेरा वर्षांतील हें त्यांचें अकरावें विजेतेपद. रसेल त्यानंतर पुन्हां स्पर्धेंत खेळला नाहीं. वेस्टनें त्या सामन्यांत ४२ गुण मिळविले, १३ वेळां उसळता चेंडू झेलला आणि १२ वेळां सोबत्यांना गुण मिळवून दिले. अंतिम मालिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचें पारितोषिक त्या वर्षीं प्रथमच ठेवण्यांत आलें होतें. तें पराभूत पक्षाच्या वेस्टला मिळालें. त्यानंतर पराभूत संघांतील कोणालाही तें मिळालेलें नाहीं. महाभारत वाचणाऱ्यास येथें कर्णाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आणि दैवाचा खेळ असा कीं, २००९ पासून त्या पारितोषिकाला नांव देण्यांत आलें आहे तें बिल रसेलचें.

फुगे मात्र छतालाच राहिले. या हकीकतीवरून 'गर्वाचें घर खालीं' असा बोध काढून मोकळें होणें सोपें आहे, आणि अमेरिकन लोकांनीं तो काढलाही. पण इतिहासाच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबावें. फुग्यांनीं बोस्टनला त्वेष चढला असेल. तरी नेल्सनचा चेंडू त्वेषानें आंत पडला नाहीं. तो ज्या कडीवर आपटला तशाच कडीवर सात वर्षांपूर्वीं सेल्वीचा चेंडू आपटला होता. एक बाहेर गेला, एक आंत आला. दोन्ही वेळां कौल बोस्टनला मिळाला. नेल्सनचा चेंडू दोन बोटें इकडे किंवा तिकडे जाता, लेकर्स जिंकते, तर त्याच फुग्यांना लोकांनीं दूरदृष्टि म्हटलें असतें. निकाल लागल्यावर आत्मविश्वासाला गर्व म्हणणें किंवा गर्वाला आत्मविश्वास म्हणणें हें फार सोपें असतें. कुक यांची चूक जिंकण्याची आशा धरण्यांत नव्हती. ती आशा तर प्रत्येक प्रेक्षकाच्या उरांत होती. शंकेला जागाच ठेवली नाहीं, ही त्यांची चूक. या खेळाचा स्वभाव मालकापेक्षां चाहत्यांना अधिक कळला होता.

शंका नेहमींच खरी ठरते असेंही मात्र नाहीं. बरोबर एक वर्ष आणि तीन दिवसांनीं, ता. ८ मे १९७० रोजीं, लेकर्स पुन्हां सातवा सामना खेळत होते. या वेळीं न्यूयॉर्क येथें, तेथील 'निक्स' संघाशीं. आतां शंकेनें ग्रासले होते ते न्यूयॉर्कचे चाहते. त्यांचा कर्णधार विलिस रीड याच्या मांडीचा स्नायु पांचव्या सामन्यांत फाटला होता. सहाव्या सामन्यांत तो नव्हता, तर चेंबरलेननें एकट्यानें ४५ गुण मिळवून न्यूयॉर्कचा धुव्वा उडविला. रीड येणार कीं नाहीं, या एका प्रश्नाभोंवतीं सारें क्रीडागृह घुटमळत होतें. सामना सुरू होण्यापूर्वीं थोडाच वेळ तो लंगडत मैदानांत आला आणि प्रेक्षकांनीं जो जयघोष केला त्याचें वर्णन अद्याप होत असतें. आरंभींचे दोन्ही चेंडू त्यानें कडींत टाकले. सबंध सामन्यांत त्याचे गुण झाले चारच. परंतु वॉल्ट फ्रेझर या सोबत्यानें ३६ गुण मिळविले आणि न्यूयॉर्क ११३ विरुद्ध ९९ असें जिंकलें. १९४६ मध्यें स्थापन झालेल्या त्या संघाचें हें पहिलें विजेतेपद. त्या दिवशीं ज्यांना शंका सर्वांत अधिक वाटली, त्यांनाच आनंदही सर्वांत अधिक झाला असेल.

लॉस एंजेलिसची साडेसाती मात्र हळूहळू सुटली. १९७२ सालीं न्यूयॉर्कला हरवून वेस्टला त्याचें एकमेव विजेतेपद मिळालें. बेलर मात्र त्याच हंगामाच्या आरंभीं निवृत्त झाला होता, त्यामुळें त्याच्या हातून तें निसटलें. बोस्टनचें ऋण तरीही बाकीच होतें. १९८४ मध्यें पुन्हां सातव्या सामन्यांत पराभव झाला. अखेर ता. ९ जून १९८५ रोजीं, आठ वेळां हरल्यानंतर, लेकर्सनीं बोस्टनच्याच मैदानावर सहावा सामना १११ विरुद्ध १०० असा जिंकून अंतिम मालिकेंत त्या संघाला प्रथमच नमविलें.

सातव्या सामन्याचा शाप त्यापुढेंही पंचवीस वर्षें टिकला. ता. १७ जून २०१० रोजीं लॉस एंजेलिसला पुन्हां तेच दोन संघ सातव्या सामन्यासाठीं समोरासमोर आले. १९६२, १९६६, १९६९ आणि १९८४ असे चार सातवे सामने या दोघांत झाले होते आणि चारही बोस्टननें जिंकले होते. १९६९ सालीं विशीचा असलेला चाहता आतां साठी ओलांडून गेला होता. तिसऱ्या पर्वांत लेकर्स १३ गुणांनीं मागें पडले तेव्हां त्याच्या मनांत काय आलें असेल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्या सायंकाळीं लेकर्स ८३ विरुद्ध ७९ असे जिंकले. अंतर अवघें चार गुणांचें. ४१ वर्षें ज्यानें शंका बाळगली, आणि शंका बाळगूनही दर वर्षीं संघाची बाजू सोडली नाहीं, त्या माणसाला त्या चार गुणांचें मोल जितकें कळलें असेल, तितकें तें छताला फुगे टांगणाऱ्याला कळणें कठीण होतें.